खिशातले गाणे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात पहिला वॉकमन विक्रीस आणला, तेव्हा खरेदीदारापुढे निवडीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. आज तोच खरेदीदार दुकानात गेला, तर दीड-दोन हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंत किमतीचे प्लेअर त्याच्यापुढे मांडले जातात, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर गिगाबाइट, किलोहर्ट्झ, बिट व तास यांची अशी काही दाटी असते, की ज्याचे आकडे मोठे तो माल उत्तम, अशी समजूत करून घेऊन तो मोकळा होतो. हे आकडे बहुधा खोटे नसतात. परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न त्या ग्राहकाचा असतोच असे नाही. आपण काय ऐकतो, कोठे ऐकतो आणि कशातून ऐकतो, या तीन गोष्टींचा उलगडा आधी झाला, तर पुढील गैरसमजांपैकी बहुतेकांना जागाच उरत नाही.

गैरसमज : मोबाईल आल्यावर स्वतंत्र प्लेअरचे प्रयोजन उरले नाही.

वस्तुस्थिती : २००१ साली आलेला आयपॉड ॲपलने मे २०२२ मध्ये बंद केला, हे खरे, तथापि सोनीचे वॉकमन आजही निघतात आणि चीनमधील फियो व कोरियातील ॲस्टेल अँड कर्न यांसारख्या कंपन्याही प्लेअर तयार करतात. ज्याला प्रवासात तासभर गाणी ऐकावयाची आहेत आणि तीही इंटरनेटवरून, त्याला मोबाईल पुरेसा आहे. त्याने विनाकारण खर्चात पडू नये. मात्र ज्याच्या घरी सीडींचा आणि कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या मैफलींचा संग्रह आहे, ज्याला मारवा रंगात आला असताना बँकेच्या जाहिरातीचा फोन नको आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र यंत्र आजही सयुक्तिक ठरते.

गैरसमज : स्ट्रीमिंग ॲपमधून उतरवून घेतलेले गाणे आपल्या मालकीचे असते व ते कोणत्याही प्लेअरवर वाजते.

वस्तुस्थिती : अशी फाईल कुलूपबंद असते आणि ती त्याच ॲपमध्ये उघडते, वर्गणीची मुदत संपली की तिचा उपयोगही संपतो. जो प्लेअर असे ॲप चालवू शकत नाही, त्यावर ती कामाची नाही. म्हणून संग्रह स्वतःच्या फाईलींचा आहे की वर्गणीचा, याची खातरजमा करूनच यंत्राचा प्रकार ठरवावा.

गैरसमज : साठवण जितकी जास्त तितके यंत्र चांगले.

वस्तुस्थिती : हा हिशेब कागदावर मांडता येण्याजोगा आहे. ३२० किलोबिट प्रतिसेकंद या दराची एमपीथ्री फाईल मिनिटाला सुमारे २.४ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डात असे सुमारे ४४० तासांचे संगीत राहते आणि रोज एक तास ऐकणाऱ्यास ते वर्षाहून अधिक काळ पुरते. सीडीचा मूळ ध्वनी तसाच ठेवायचा, तर मिनिटाला दहा मेगाबाइटच्या वर जागा लागते. फ्लॅक या पद्धतीने ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते आणि ध्वनीतील काहीही गमावले जात नाही. सबब अंतर्गत साठवणीसाठी अधिक पैसे मोजण्यापेक्षा मेमरी कार्डाची खाच असलेला प्लेअर घेणे शहाणपणाचे. मात्र ती खाच किती क्षमतेपर्यंतचे कार्ड स्वीकारते, हे आधी विचारावे.

गैरसमज : खोक्यावर ‘हाय-रेझ’ असले की जुने गाणेही नव्याने उजळते.

वस्तुस्थिती : सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि त्यांतून २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सर्व स्वर पुन्हा उभे करता येतात, माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणीही साधारण २०,००० हर्ट्झ असते आणि वयपरत्वे ती खाली येत जाते. त्याहून मोठ्या आकड्यांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रणगृहात, संस्करणाच्या कामी होतो. त्यातही आपल्याकडील पुष्कळ रसिकांचा जीव ज्या संग्रहात गुंतलेला असतो, तो उस्ताद अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांचा. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे आणि एकाच वाहिनीवर मुद्रित झालेले हे गाणे मुळातच मर्यादित स्वरकक्षेचे आहे. त्याची फाईल ९६ किलोहर्ट्झची केली, तर तिचे आकारमान वाढेल, गाणे वाढणार नाही. ती तबकडी किती निर्मळ होती, कोणत्या सुईने वाजविली आणि खरखर काढताना आवाजाचा पोत किती जपला, यांवर तेथे सारे अवलंबून असते.

एमपीथ्रीचे फ्लॅकमध्ये रूपांतर करणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. लोणी काढून घेतलेले ताक मोठ्या भांड्यात ओतले म्हणून त्याला पुन्हा लोणी येत नाही. एमपीथ्री करतेवेळी जे वगळले गेले ते वगळलेलेच राहते.

गैरसमज : महाग प्लेअर घेतला की कोणत्याही हेडफोनवर तो उत्तम वाजतो.

वस्तुस्थिती : महाग प्लेअरच्या किमतीतील मोठा हिस्सा आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या आणि तो संकेत सबळ करणाऱ्या मंडलांचा असतो. ब्लूटूथ हेडफोन जोडला, की ही दोन्ही कामे हेडफोनमधील इवल्या चिपकडे जातात आणि प्लेअरमधील मौल्यवान मंडल स्वस्थ बसून राहते. शिवाय वाटेत ध्वनीचे पुन्हा संक्षेपण होते. एलडॅक ही सोनीची पद्धत अधिकाधिक ९९० किलोबिट प्रतिसेकंद वाहून नेते, तर सीडीचा दर १,४११ आहे. बिनतारीच ऐकावयाचे असेल, तर पैसा हेडफोनवर खर्चावा. तारेने ऐकणाराने हेडफोनचा रोध पाहावा : साधे इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असून ते कशावरही वाजतात, परंतु २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन दुबळ्या प्लेअरवर मंद व निस्तेज वाटू शकतात.

गैरसमज : ज्याचा आवाज मोठा, ते यंत्र सरस.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही, तोच ९० डेसिबलवर गेला की ही मर्यादा अवघ्या चार तासांवर येते. लोकल गाडीत खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज चढविला जातो, आणि अपाय तेथेच होतो. कानात घट्ट बसणारे, बाहेरील गोंगाट अडविणारे इअरफोन घेतले, तर हलक्या आवाजातही तानेचा प्रत्येक दाणा ऐकू येतो. अर्थात रस्ता ओलांडताना ते काढून ठेवणे हेच इष्ट.

गैरसमज : साधे यंत्र म्हणजे हलके यंत्र.

वस्तुस्थिती : सारेगामाने २०१७ साली आणलेला कारवाँ पाच हजार गाणी पोटात घेऊन आला, ती बदलता येत नाहीत, पण ठसठशीत बटणे आणि गायकाचे नाव निवडण्याची फिरती चकती यांमुळे, पडद्यावर बोट सरकविणे ज्यांना जमत नाही अशा आजी-आजोबांना तो सुखाने हाताळता आला. उलटपक्षी ख्याल ऐकणाराची गरज निराळी आहे. सीडीवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या, अशी विभागणी पुष्कळदा असते. ठेका चालू असतानाच ट्रॅक बदलतो. एमपीथ्री करताना फाईलच्या दोन्ही टोकांस अल्पशी रिकामी जागा भरली जाते, आणि ती गाळून अखंड वाजविण्याची सोय प्लेअरमध्ये नसेल, तर नेमका समेच्या तोंडाशी खंड पडतो. ही सोय कित्येकदा कमी किमतीच्या प्लेअरमध्येही असते.

खरेदीस जाताना म्हणून स्वतःचा इअरफोन आणि एक मेमरी कार्ड बरोबर न्यावे. कार्डावर आपल्या आवडीची जोडट्रॅकांची एक मैफल असावी, आणि एका फाईलीचे नाव ‘नाट्यसंगीत’ असे देवनागरीत लिहिलेले असावे. कारण काही स्वस्त प्लेअरांच्या पडद्यावर त्या जागी नुसते चौकोन उमटतात, अथवा जोडाक्षर फुटून वेगळेच काही दिसते, आणि शेकडो पदांच्या संग्रहातून हवे ते पद शोधणे मग दुरापास्त होते. बॅटरीच्या तासांचा आकडा कोणत्या फाईलीवर आणि किती आवाजावर मोजला, तसेच ती बॅटरी दोन-चार वर्षांनी बदलून मिळते काय, हेही विक्रेत्यास विचारावे. या कसोट्यांवर मध्यम किमतीचे यंत्र उतरले, तर त्यावरचे घेण्याचे कारण नाही. उरलेल्या रकमेत बरा हेडफोन घ्यावा, कारण आवाजातील फरक कानाला सर्वांत आधी तेथेच जाणवतो.