मौला अलीची वाट

1578 साली मुसी नदीवर पुराना पूल बांधून झाला. हैदराबाद तेव्हा नव्हतेच. गोवळकोंड्याचा किल्ला होता, तख्तावर इब्राहिम कुतुबशहा होता. परंपरा सांगते की त्याच वर्षी, रजब महिन्याच्या 17 तारखेला, दरबारातल्या याकूत नावाच्या एका खोजाला स्वप्न पडले. तो आजारी होता, हवापालटासाठी गोवळकोंड्यापासून दूर राहत होता. हिरव्या वस्त्रातला एक माणूस आला आणि म्हणाला, मौला अली तुला बोलावताहेत. याकूत त्याच्यामागून गेला. टेकडीच्या माथ्यावर हजरत अली एका शिळेवर हात टेकून बसलेले दिसले. जाग आल्यावर तो तिथे पोचला, तर शिळेवर पंजा उमटलेला होता. पुढे तेवढा दगड कोरून काढून कमानीत बसवला, आणि सुलतान स्वतः दर्शनाला आला.

चारमिनार उभा राहिला 1591 मध्ये. मौला अलीच्या टेकडीची ही यात्रा हैदराबाद शहरापेक्षा जुनी आहे. आणि तिची सुरुवात सुलतानाने केली नाही. ज्याला घराणे नाही, वंश नाही, अशा एका चाकराचा शब्द खरा मानून राजा चालत आला. मौला अलीचा इतिहास वाचताना मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढे दोनशे वर्षांनी हेच पुन्हा घडले आणि त्या वेळी कर्ती होती एक गणिका.

1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही संपली. टेकडीला पुन्हा वैभव आले ते दुसरा निजाम, निजाम अली खान याच्या कारकिर्दीत (1762 ते 1803). आसफजाही घराणे सुन्नी. तरी रजबच्या 13 तारखेला, अलींच्या जन्मदिनी, निजामाचा जनाना, उमराव, फौजफाटा शहराबाहेर पडे आणि 17 तारखेपर्यंत टेकडीच्या पायथ्याशी मुक्काम ठोके. गुलाम हुसेन खान याच्या ‘गुलजार-ए-आसफिया’ या फारसी ग्रंथात या गर्दीचे वर्णन आहे. हिंदू भाविकही तिच्यात असत. निजामाच्या पदरी करमाळ्याच्या राव रंभा निंबाळकरांसारखी मराठा घराणी होती, हेही इथे ध्यानात ठेवावे. खर्ड्याच्या लढाईपुरती हैदराबादची ओळख ठेवणाऱ्या आपल्या इतिहासाला हा शेजार फारसा दिसत नाही.

गणिका म्हणजे चंदा, पुढची माह लका बाई. जन्म 1768 चा, औरंगाबादचा. आजोळ गुजरातेतून परागंदा झालेले. आई राज कुंवर बाई. असे सांगतात की चंदा पोटात असताना आई मौला अलीच्या यात्रेला निघाली होती. वाटेत गर्भ जाण्याची वेळ आली. सोबत तजल्ली अली शाह हे कवी-चित्रकार होते. त्यांनी दर्ग्यातून धागा आणि ऊद आणून दिला, आणि मूल वाचले. ही कथा चंदाने आयुष्यभर मनाशी धरली. ती नृत्यात, गाण्यात, घोडेस्वारीत तरबेज होती, निजामाच्या स्वाऱ्यांत बरोबर जात होती, जहागिरीची मालकीण होती, आणि उर्दूत गझला लिहीत होती. गझलेच्या अखेरीस अलींचे नाव घ्यायचे हा तिचा रिवाज. 18 ऑक्टोबर 1799 रोजी नृत्याच्या मैफलीतच तिने आपल्या दिवाणाची, म्हणजे काव्यसंग्रहाची, हस्तलिखित प्रत कॅप्टन जॉन माल्कम याला नजर केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दख्खनचा इतिहासही तिने ‘माहनामा’ या नावाने लिहवून घेतला.

आई गेल्यावर 1792 मध्ये तिने टेकडीच्या पायथ्याशी चारबाग आणि मकबरा बांधला. 1824 मध्ये तिलाही आईशेजारीच दफन केले.

आज ही वाट चालायची तर चारमिनारहून ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटर पडतात. मी चादरघाटाच्या पुलावरून नदी ओलांडते. हा पूल 1831 चा. त्यापूर्वीचे यात्रेकरू उन्हाळ्यात इथे पात्रातूनच उतरत असतील. पुढे काचीगुडा. इथल्या गल्ल्यांत अजून मराठी कानावर पडते, आणि इसामिया बाजारातले मराठी ग्रंथ संग्रहालयही फार दूर नाही. मग अडिकमेट. ही माह लकाची जहागीर. उस्मानिया विद्यापीठ याच जमिनीवर उभे आहे. 1939 मध्ये उद्घाटन झालेल्या आर्ट्स कॉलेजच्या भव्य इमारतीसमोर लोक फोटो काढतात. त्याच परिसरात तिच्या नावाने ओळखली जाणारी बारव आहे, तिच्याकडे कमीच जण वळतात. मी मात्र तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. दुष्काळी मुलखात पाणी बांधून ठेवणाऱ्या बाईचे ऋण गझलांइतकेच मोठे आहे.

तारनाका, लालागुडा ओलांडले की रेल्वेचा मुलूख: रूळ, शेड, मालगाड्या. पलीकडे 1971 मध्ये सुरू झालेले न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स. या सगळ्याच्या मधोमध अचानक टेकडी दिसते. आपल्याला डोंगर म्हणजे सह्याद्रीचा काळा बसाल्ट ठाऊक, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा, गुलाबी-करडा, उन्हावाऱ्याने सालपटे निघून गोलावलेला. निजामी अमदानीत टेकडीच्या आसपास उत्खनन झाले तेव्हा महापाषाणीय काळातली दफने सापडली. याकूतच्याही हजारो वर्षे आधी लोक आपली माणसे या शिळांच्या सावलीत ठेवून जात होते.

वर जायला 484 पायऱ्या सांगतात. पायथ्याची जुनी कमान रहदारीत उभी आहे. दर्ग्याच्या आत भिंतींवर आरसे आहेत, आणि तो पंजा. समोरच्या टेकडीवर कदम-ए-रसूल, म्हणजे पैगंबरांच्या पावलाचे स्थान. खाली माह लकाचा मकबरा. 2010-11 मध्ये अमेरिकी सरकारच्या निधीतून त्याची डागडुजी झाली आणि त्यामुळे तो वाचला. याचे समाधान आहे, पण मकबरा वाचला म्हणजे वाट वाचली असे नाही. पूल, बारव, कमान, मकबरा, दर्गा यांची नोंद वेगवेगळी होते, राखण झाली तर तीही वेगवेगळी होते. त्यांना जोडणारी एक पायवाट होती, हे मी कुठल्या पाटीवर वाचलेले नाही. ती पाटी चादरघाटाजवळ, बारवेपाशी आणि कमानीखाली लागायला हवी: उर्दूत, तेलुगूत, आणि माह लकाचे जन्मगाव लक्षात घेता मराठीतही.

हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांत ही यात्रा सगळ्या ऋतूंतून फिरून येते. सध्या 17 रजब हिवाळ्यात येते, आणि येती काही वर्षे ती डिसेंबर-नोव्हेंबरात राहील. ग्रॅनाइट तापलेला नसतो. पहाटे चारमिनारपासून निघालात तर दुपारच्या आत पायऱ्यांपाशी पोचता येते. पाणी जवळ ठेवा, आणि अडिकमेटला बारव पाहायला थोडा वेळ राखून ठेवा.