गुलाल उडाला की व्हिडिओ का फाटतो?

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ या. "फोन भारी आहे, फोर-केवर शूट केलं, तरी मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला की फाटतो. घरच्या गणपतीचा मात्र क्लिअर दिसतो. असं का?"

आधी थोडा हिशोब. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम. हे जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला साधारण १५० कोटी बिट लागतील. आणि अशा साध्या फुल एचडी व्हिडिओसाठी यूट्यूब अपलोडला किती सुचवतं? ८० लाख! म्हणजे दीडशे पटींहून जास्त दाबायचं.

हे काम कोडेक करतो. आपल्या फोनमध्ये बहुतेक एच.२६४ किंवा एच.२६५ असतो. तो अधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहितो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यासाठी चित्राचे छोटे चौकोन पाडतो आणि नोंद करतो, की हा चौकोन मागच्या फ्रेममधलाच आहे, फक्त चार पिक्सेल उजवीकडे सरकलाय. झालं काम, जागा वाचली!

म्हणून कॅमेरा सावकाश, एका दिशेने फिरवला तर कोडेकला फारसा त्रास होत नाही. पण गुलालाचा प्रत्येक कण आपल्या मर्जीने उडतो. पावसाचंही तेच. मागच्या फ्रेममध्ये जुळणारा चौकोनच सापडत नाही, मग सगळं नव्याने लिहावं लागतं. बिट तर मोजकेच. मग बारकावे फेकले जातात आणि चेहऱ्यांच्या जागी ठोकळे दिसतात. रात्रीच्या अंधारात फोटोवर जे दाणे येतात ना, तेही दर फ्रेमला बदलतात. कोडेकसाठी तोसुद्धा गुलालच!

थोडक्यात, हालचाल वाईट नाही. अंदाज न येणारी हालचाल महागात पडते.

मग करायचं काय? हात स्थिर ठेवा, कोपर अंगाला टेकवा. झटक्यात इकडून तिकडे फिरवू नका. एका जागी चार-पाच सेकंद थांबा. जिथे उजेड आहे तिथे उभे राहा. गुलाल उधळतानाचा शॉट घ्याच, पण ढोल वाजवणाऱ्या मित्राचा चेहरा हवा असेल तर तो गुलाल उडायच्या आधी घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि ओरिजिनल फाइल डिलीट करू नका. ग्रुपवरून डाउनलोड करून, एडिट करून पुन्हा टाकलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो, आणि एकदा फेकलेला बारकावा कुठलंही ॲप खरा परत आणू शकत नाही; फार तर अंदाजाने रंगवतं. आजोबांचा आरती म्हणतानाचा व्हिडिओ असेल, तर हा फरक दहा वर्षांनी कळतो.

चला, भेटू पुढच्या भागात!