समाधी आणि मंदिर : सिंदखेड राजा येथील राजे लखुजीराव जाधव यांच्या समाधिस्थळाचा परिचय

प्रस्तावना :
राजपुरुषाचे स्मारक आणि उपासनास्थान एकाच परिसरात असणे ही बाब अनेक संस्कृतींत आढळते. जपानमधील निक्को येथील तोशोगू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तोकुगावा इएयासू याचे १६१६ मध्ये निधन झाले व १६१७ मध्ये निक्को येथे देवतारूपाने त्याची प्रतिष्ठापना करण्यात आली. त्याच शतकातील एक समाधिस्थळ नवीन जालना परिसरापासून सुमारे ३० कि.मी. अंतरावर सिंदखेड राजा (जि. बुलढाणा) येथे आहे. शैक्षणिक सहलीच्या दृष्टीने त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
लखुजीराव जाधव हे जिजाऊंचे वडील व निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाही दरबारात ते, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांची हत्या झाली. ही समाधी त्यामुळे केवळ एका व्यक्तीचे नव्हे, तर एका घराण्यावरील आघाताचे स्मारक ठरते. हिंदू परंपरेत सामान्यतः दहनसंस्कार असल्याने समाधी म्हणजे देह जतन करणारे थडगे नसून स्मृतिस्थान असते. वास्तूचा घुमट आणि कमानी मात्र दख्खनी इस्लामी शैलीशी नाते सांगतात. गावातील प्राचीन नीलकंठेश्वर मंदिर पाहिल्यानंतर हा शैलीभेद विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येतो.

२०२४ चे उत्खनन :
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातर्फे समाधीच्या जतनाचे काम सुरू असताना परिसरात काही दगड आढळले. तेथे खोदकाम केल्यावर एका मंदिराचा पाया उघडकीस आला. पुढे सुमारे २.२५ मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. तिची लांबी सुमारे १.७० मीटर व उंची सुमारे १ मीटर असून विष्णूच्या चरणांशी लक्ष्मी आहे. मराठवाड्यातील अशा मूर्ती बहुधा बेसाल्टच्या असतात. ही मूर्ती क्लोराइट शिस्ट या तुलनेने मऊ दगडाची आहे. साहजिकच दगड व कारागीर कोठून आले, हा संशोधनाचा विषय ठरतो.

जतनाचा प्रश्न :
स्मारकाची डागडुजी करताना मंदिर सापडले. आता कोणता काळ दर्शनी ठेवावा? मूर्ती संग्रहालयात हलविल्यास ती सुरक्षित राहते, परंतु तिचा स्थळाशी असलेला संबंध तुटतो. जागीच ठेवल्यास ऊन, पाऊस व हाताळणी यांपासून संरक्षणाची कायम व्यवस्था करावी लागते. निक्को येथेही १८६८ च्या शासनादेशानंतर शिंतो व बौद्ध वास्तूंची विभागणी झाली. तथापि १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद करताना दोन्ही प्रकारच्या वास्तू एकत्रच विचारात घेण्यात आल्या.

निष्कर्ष :
सिंदखेड राजा येथे समाधी व मंदिर हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून एकाच भूमीवरील दोन कालस्तर आहेत. एकाच्या गौरवासाठी दुसऱ्याची उपेक्षा झाल्यास इतिहासाचे आकलन अपुरे राहील. महाविद्यालयीन सहल जिजाऊंच्या जन्मस्थळाच्या दर्शनापुरती न ठेवता हे दोन्ही स्तर जागेवर वाचण्याचा अभ्यास तीत समाविष्ट व्हावा, हेच उचित होय.