माणूस परतला तरी कसब मागे राहावं

बहारीनची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १५ लाख भरली आणि त्यात निम्म्याहून अधिक परदेशी होते. त्यांतले बरेच जण आज ना उद्या मायदेशी परततात. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांना घडवणं ही हौस राहत नाही, कंपनीचं कामच त्यावर अवलंबून असतं. तरीही काही समज घट्ट रुजलेले आहेत.

गैरसमज : तयार माणूस बाहेरून आणणं स्वस्त पडतं.

वस्तुस्थिती : पगाराचा आकडा डोळ्यांसमोर असतो. भरती, व्हिसा, परवाना आणि नव्या माणसाला इथलं यंत्र नि इथलं गिऱ्हाईक समजेपर्यंत गेलेले महिने मात्र हिशेबात येत नाहीत. बहारीनने २००६ मध्ये श्रमबाजार नियामक प्राधिकरण आणि ‘तमकीन’ हा श्रमनिधी स्थापन केला. परदेशी कामगारांपोटी मालक जे शुल्क भरतात, त्यातला मोठा वाटा तमकीनकडे जातो. त्यातून बहारीनी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आणि खासगी उद्योगांना मदत मिळते. बाहेरून माणूस आणण्याच्या खर्चातूनच इथला माणूस घडवायचा, असा हा विचार आहे.

गैरसमज : शिकवलं की माणूस सोडून जातो.

वस्तुस्थिती : न शिकवताही माणसं जातात. शिवाय परदेशी कामगाराला जुन्या मालकाच्या संमतीशिवाय, ठरावीक अटींवर, नोकरी बदलण्याची मुभा बहारीनने २००९ मध्येच दिली. माणूस केवळ कागदाने बांधून ठेवण्याचे दिवस गेले. पुढची पायरी दिसत असेल, तर थांबायला त्याला कारण मिळतं.

गैरसमज : अनुभवी माणसाला शिकण्याची गरज नसते.

वस्तुस्थिती : बहारीनमधला ‘अल्बा’ हा ॲल्युमिनियमचा कारखाना १९७१ मध्ये सुरू झाला. त्याची सहावी पॉटलाइन, म्हणजे भट्ट्यांची रांग, २०१८ च्या अखेरीस चालू झाली, ती संयुक्त अरब अमिरातीत विकसित झालेल्या तंत्रज्ञानावर. नवं तंत्र आलं की वीस वर्षं भट्टीजवळ काढलेल्यालाही त्या तंत्रापुरतं नवशिक्या व्हावं लागतं. बँकांचंही तेच, नियम सतत बदलतात. बहारीनची बँकिंग प्रशिक्षण संस्था, बीआयबीएफ, १९८१ पासून हेच काम करत आली आहे.

गैरसमज : प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचा वर्ग आणि प्रमाणपत्र.

वस्तुस्थिती : पंप बसवणाऱ्या जुन्या फिटरकडे पाहा. चारही बोल्ट आवळून झाले की तो एकेक बोल्ट सैल करतो आणि डायल गेजच्या काट्यावर नजर ठेवतो. काटा हलला, तर त्या बोल्टाजवळचा पंपाचा पाय नीट टेकलेला नाही. मग तो फट मोजतो, तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, पायाखाली सरकवतो आणि बोल्ट पुन्हा आवळतो. एवढं राहून गेलं तर पंप थरथरतो, बेअरिंग आणि सील लवकर जातात. ही नजर वर्गात तयार होत नाही, शेजारी उभं राहूनच येते.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, निकाल सुधारला का. वर्ग संपताना भरून घेतलेला अर्ज फक्त पहिलीचं उत्तर देतो. चौथीचं उत्तर सहा महिन्यांनी दुरुस्तीच्या नोंदवहीत सापडतं : तोच पंप पुन्हा किती वेळा उघडावा लागला?

म्हणून फिटरचं परतीचं तिकीट निघण्याआधी त्याच्याशेजारी एक शिकाऊ उभा करा. पुढचा पंप त्या शिकाऊ मुलाला बसवू द्या आणि जुन्या फिटरला नुसतं पाहू द्या.