स्टेरॉइड : उसने बळ

कापसाच्या हंगामात जिनावरचा माणूस तापाने फणफणला तरी खाडा करीत नाही. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मग तो संध्याकाळी दवाखान्यात जातो व म्हणतो, "डाक्तर, सुई द्या, सकायी कामावर जा लागते." सुई मिळते. सकाळी अंग हलके, सांधे मोकळे, भूकही लागलेली. तो सुईचे आणि डॉक्टरांचे गुण गात रेच्यावर उभा राहतो. त्या सुईत काय होते हे तो विचारीत नाही, आणि कोणी सांगतही नाही. अनेकदा त्यात डेक्सामेथासोन असते. हे औषध स्टेरॉइड कुळातले. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु संघटनेच्या कामात औषधांच्या चिठ्ठ्या हाताखालून जातात, आणि ह्या कुळाची माहिती प्रत्येक श्रमिकाला हवी असे आमचे ठाम मत झाले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की स्टेरॉइड हे एका औषधाचे नाव नव्हे. कार्बनच्या सतरा अणूंची, एकमेकांना चिकटलेल्या चार कड्यांची एक ठरावीक चौकट असते; ती ज्या पदार्थात असेल तो स्टेरॉइड. रक्तातले कोलेस्टेरॉल, पित्तातली आम्ले, स्त्रीत्वाची आणि पुरुषत्वाची संप्रेरके ही सारी ह्याच घराण्यातली. तालमीतली पोरे अंग फुगविण्यासाठी चोरून घेतात ती पुरुषी संप्रेरकाची भावंडे. त्यांच्यापासून हृदय आणि यकृत बिघडते, एवढे सांगून ती शाखा येथेच सोडतो. औषधात जो मुख्य उपयोग आहे तो कॉर्टिसोलच्या शाखेचा. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते, ती हे कॉर्टिसोल रोज तयार करते. आजारात, अपघातात, उपासात शरीर तगते ते पुष्कळसे ह्याच्या जोरावर.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते की संधिवाताच्या रोग्यास कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली तर सांधे काही काळ बरे होतात. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईस कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु इंजेक्शन थांबताच दुखणे परत येते, हेही त्याच वेळी दिसून आले. तेव्हा हे औषध बैलाच्या पित्तापासून तिसाहून अधिक पायऱ्यांनी बनवीत. ते सोन्याच्या भावाचे होते. १९५२ साली पीटरसन आणि मरे ह्यांनी ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीकडून त्यातली सर्वांत अवघड पायरी करून घेतली आणि औषध स्वस्त होण्याचा मार्ग खुला झाला. ह्या बुरशीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता ते काम कसे करते? जिनात आग लागली की माणसे धावतात, सापडेल तेथून पाणी मारतात. पुष्कळदा आगीने जळते त्यापेक्षा पाण्याने आणि तुडवण्याने अधिक रुई खराब होते. शरीरातही असेच होते. जंतू शिरला की रक्तातल्या पेशी धावून येतात; सूज, ताप, वेदना ही त्यांच्या धावपळीची चिन्हे. ह्यालाच दाह म्हणतात. स्टेरॉइड म्हणजे त्या धावणाऱ्यांना "मागे सरा" असा हुकूम. आमवातात आग नसताना पाणी मारणे चालू असते. तेथे हा हुकूम रोग्याला वाचवितो. कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेत सूज मज्जातंतू चिरडून टाकते. तेथे वेळेवर दिलेल्या प्रेडनिसोलोनने हात वाकडा होण्याचे टळू शकते, आणि आमच्या विदर्भात, जेथे हा रोग अजून गेलेला नाही, तेथे हाताची किंमत काय ते मजुराला विचारावे. मात्र आग खरोखर पेटलेली असताना हुकूम दिला, तर ती पसरत जाणार. क्षयाच्या रोग्याला नुसते स्टेरॉइड दिले की ताप उतरतो, भूक लागते, आणि आत क्षय मोकाट सुटतो.

कोरोनाने हे साऱ्या जगाला शिकविले. जून २०२० मध्ये इंग्लंडातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर दहा दिवस. त्याने कृत्रिम श्वासयंत्रावरच्या रोग्यांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांतील एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. कारण उघड आहे : आरंभी आग असते, पाण्याचा नासाडा पुढे होतो. पण भीतीपोटी, पुरेशा देखरेखीवाचून, पहिल्या दिवसापासून आणि वाटेल त्या मात्रेत ही औषधे दिली गेली. स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते, प्रतिकार दबतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मधुमेही रोग्यांच्या नाकात, जबड्यात, डोळ्यांत काळी बुरशी उतरली. महाराष्ट्रात तिचे फार रोगी झाले, कित्येकांचे डोळे काढावे लागले. त्या रोगाची सर्वांत नेहमीची बुरशी ऱ्हायझोपसच. जिने औषध स्वस्त केले, तिनेच त्या औषधाच्या अतिरेकाचा फायदा घेतला.

आणखी एक उदाहरण जवळचे आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ फुफ्फुसे पिकली नसल्याने दगावते. आईला बाळंतपणापूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर फुफ्फुसे लवकर तयार होतात. लिगिन्स आणि हॉवी ह्यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ साली हे दाखविले. मग हे खेडोपाडी का नेऊ नये? सहा देशांत चाचणी झाली, त्यांत नागपूर आणि बेळगाव भागांतली गावे होती. २०१५ चा निकाल धक्का देणारा निघाला : एकंदर नवजात मृत्यू कमी न होता थोडे वाढले. पुष्कळ इंजेक्शने अशा मातांना गेली होती की ज्यांचे बाळ अपुऱ्या दिवसांचे नव्हतेच. उलट, दिवस नीट मोजणाऱ्या आणि बाळाची निगा राखू शकणाऱ्या रुग्णालयांत, भारतासह पाच देशांत पुन्हा चाचणी केली. २०२० च्या निकालात शंभरांमागे २३.५ मृत्यू होते ते १९.६ वर आले. औषध त्याच जातीचे, फरक भोवतालच्या व्यवस्थेचा. आरोग्य केंद्रात डॉक्टर नि परिचारिका पुरेशा हव्यात ही मागणी आम्ही मोर्चात करतो, तिला ह्याहून मोठा पुरावा कोणता?

जिनातल्या धुळीने दमेकरी झालेल्यांबद्दल थोडे. ओढायच्या पंपातले स्टेरॉइड मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. "पंपाची सवय लागते" म्हणून तो टाकून वर्षानुवर्षे गोळ्या खाणे हा उलटा न्याय आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळत असेल, तर तो कापसाच्या धुळीचा रोग असू शकतो. भरपाईच्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो आहे. तेथे धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविणे हा उपाय होय, आणि तो मालकाने करावयाचा आहे.

नायट्यावर लावायच्या मलमांतही बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असते. खाज थांबते, नायटा पसरतो, कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. दुकानात काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे.

चिठ्ठीवर नाव ओळखण्याची एक खूण : पुष्कळ नावे 'सोन' किंवा 'सोलोन'ने संपतात. सेफ्ट्रायॅक्सोन मात्र प्रतिजैविक आहे, त्याला ह्यात ओढू नये. आणि ज्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ अशी गोळी घेतली असेल त्यांनी, हे भाषण ऐकून भीतीने, ती उद्या सकाळी एकदम बंद करू नये. बाहेरून माल येतो असे पाहून अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेली असते. तिला जागे व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. एकदम थांबविल्यास रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांना विचारून, पायरी-पायरीने.