साखर किती उतरवावी?

गेल्या सत्रांत शरीरशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "गुरुजी, एका गोळीनें साखर उतरते, तर दोन गोळ्यांनीं दुप्पट गुण कां येऊं नये?" चौकशी करितां कळलें कीं, त्याच्या आजोबांनीं डॉक्टरांस न विचारतां हाच प्रयोग केला होता, आणि पहाटे ते घामानें चिंब होऊन बेशुद्ध पडले होते. इस्पितळांत शिरेंतून ग्लुकोज दिलें, तेव्हां ते शुद्धीवर आले. मुलाच्या प्रश्नास त्या वेळीं आम्हांस पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देतों.

हिंवताप योग्य औषधानें बहुधा पुरता बरा होतो. मधुमेहाचें तसें नाहीं. तो बहुधा जन्माचा सोबती होतो, आणि डोळे, मूत्रपिंडें, मज्जातंतु व हृदय ह्यांस वर्षानुवर्षें हळूहळू पोखरतो. त्याचें मोजमाप करण्याची एक युक्ति आहे. रक्तांतील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनास चिकटते, व ती पेशी सुमारें १२० दिवस जगते. म्हणून शेंकडा किती हिमोग्लोबिनास साखर चिकटली आहे हें पाहिलें असतां मागल्या दोनतीन महिन्यांचा हिशेब लागतो. तपासणीच्या आदल्या दिवशीं पथ्य पाळून हा हिशेब चुकवितां येत नाहीं!

ब्रिटनांत १९७७ सालीं एक मोठा प्रयोग आरंभिला गेला; त्यांत ५,१०२ नवे रोगी घेतले गेले. त्याचा निकाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर कसोशीनें आटोक्यांत ठेविली, त्यांच्यांत डोळे, मूत्रपिंडें इत्यादींचे विकार सुमारें चतुर्थांशानें कमी आढळले. तेव्हां साखर जितकी खालीं तितकें बरें, असें अनुमान पुष्कळांनीं काढिलें. तें स्वाभाविकच होतें.

पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिका व कॅनडा येथें १०,२५१ रोगी घेऊन तें पारखून पाहण्यांत आलें. हे रोगी सरासरी ६२ वर्षांचे असून त्यांस हृदयविकार तरी होता, नाहीं तर त्याचा धोका तरी मोठा होता. जणूं चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडिले. एका गटांत तो आंकडा ६ च्या खालीं आणण्याचा यत्न केला. दुसऱ्यांत ७ ते ७.९ पर्यंत राहूं दिला. सुमारें साडेतीन वर्षांनीं पाहतात तों कडक उपचाराच्या गटांत २५७ मृत्यु, सौम्य उपचाराच्या गटांत २०३! फेब्रुवारी २००८ मध्यें कडक उपचार मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. साखर अति उतरून वैद्यकीय मदत घ्यावी लागण्याचे प्रसंगहि त्या गटांत सुमारें तिप्पट होते. तथापि अधिक मृत्यूंचें कारण तेवढेंच, असें सिद्ध झालेलें नाहीं. ज्या उपायानें तरुण, नव्या रोग्याचें हित होतें, तोच वृद्ध व हृदय दुबळें असलेल्या माणसास जाचक ठरूं शकतो.

औषधांचीहि गोष्ट अशीच. रोसिग्लिटाझोन हें औषध साखर उतरवी. परंतु त्यानें हृदयविकाराचा धोका वाढतो असा संशय २००७ सालीं पुढें आला, व २०१० सालीं भारतांत त्यावर बंदी आली. २००८ पासून अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें मधुमेहाच्या नव्या औषधांविषयीं हृदयाच्या सुरक्षिततेचा पुरावा मागण्यास आरंभ केला. ह्या सक्तीचें एक फळ अनपेक्षित निघालें. एम्पाग्लिफ्लोझिन हें औषध मूत्रावाटे साखर बाहेर टाकतें. तें निर्धोक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं हृदयविकार असलेल्या ७,०२० रोग्यांवर प्रयोग झाला. २०१५ सालच्या निकालांत हृदयविकारानें व तत्सम कारणांनीं येणारे मृत्यु शेंकडा ५.९ वरून ३.७ वर आलेले दिसले. साखरेंतील फरक तर लहानसाच होता! तथापि जननेंद्रियांचा जंतुसंसर्ग त्या औषधानें वाढतो, हेंहि त्याच प्रयोगांत दिसलें.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: इन्सुलिन किंवा कांहीं गोळ्या चालूं असतां जेवण चुकलें, आणि हात कांपूं लागले, घाम सुटला, बोलणें असंबद्ध झालें, तर साखर उतरली असण्याचा संभव आहे. मनुष्य शुद्धीवर असेल तर त्यास साखरेचें पाणी द्यावें. बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं न घालतां तात्काळ इस्पितळ गांठावें. भीतीनें औषध आपणच बंद करणें हेंहि तितकेंच घातक.

त्या आजोबांचें प्रमाण डॉक्टरांनीं आतां जरा सैल केलें आहे. गोळ्यांची डबी मात्र नातवाच्या ताब्यांत असते.