परदेशी विद्या आणि गावचे शिवार

मुलास परदेशी शिक्षणास पाठवावे किंवा कसे, हा प्रश्न एके काळी शहरातील वकिलांच्या व व्यापाऱ्यांच्या घरचा समजला जाई. आता तो आपल्या मानवत तालुक्यातील कापूस पिकविणाऱ्याच्या ओसरीवरही येऊन बसला आहे. नोकरीची सर्व वर्षे महसुली दप्तरात गेल्यामुळे प्रस्तुत लेखकास ह्या प्रश्नाचे एक अंग चांगले परिचयाचे आहे. ते म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना. शिक्षणाच्या कर्जास जमीन तारण दिली, की फेरफार होऊन त्या रकान्यात बोजा चढतो. मुलगा विमानाने निघून जातो. बोजा मात्र गावीच राहतो व बाप तो वाहतो. म्हणून कोणत्या विद्येसाठी हा बोजा चढवावा, आणि त्या विद्येचा काही अंश गावाकडे परत येईल अशी तजवीज काय करावी, ह्याचा विचार आधी झाला पाहिजे.

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे इंग्लंड किंवा अमेरिका उभी राहते. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या मेक्सिकोसारख्या देशात जाऊन कोणी ग्रामसुधारणेचे शिक्षण घ्यावे, असे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. परंतु त्या देशाचे व आपले नाते शिवारातच जुळलेले आहे. मका तेथला, मिरची तेथली, दसऱ्यास दारी लागणारा झेंडूही तेथलाच. मानवतच्या बाजारात आज जो कापूस गाड्या भरून येतो, त्याच्या जातीचे मूळ कूळही मेक्सिकोतीलच होय. आपला जुना गावरान कापूस निराळा. तेथेही पुष्कळशी शेती पावसावर अवलंबून असून पाऊस आपल्याप्रमाणेच उन्हाळ्याअखेर सुरू होतो. आपण ज्वारीत तुरीचे पाटे घालतो, तसा तेथील शेतकरी मक्यात घेवडा व भोपळा घेतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची जी पातळ भाकरी तो भाजतो, ती पाहून आपल्या घरच्या माउलीस परकेपणा वाटणार नाही.

ह्याच देशात एका मराठी गृहस्थाने शेतकऱ्यांसाठी जे कार्य केले, ते आपल्याकडे असावे तितके माहीत नाही. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. देश स्वतंत्र करण्याच्या ध्यासाने ते तरुणपणीच घराबाहेर पडले आणि जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले व त्याच काळात गदर पक्षाच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत इराणपर्यंत भटकंती झाली. इंग्रज सरकारचा रोष असल्यामुळे मायदेशाचे दार बंद झाले. अखेर १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोस पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले.

तो काळ मेक्सिकोच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचा होता. १९१० साली तेथे राज्यक्रांतीस आरंभ झाला. १९१७ च्या घटनेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांस जमीन देण्याचे तत्त्व मान्य केले. पण जमीन मिळाली म्हणजे पीक आले असे होत नाही, हे आपणांस सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वाड्यावर राबलेल्या कुळास बी कसे निवडावे, पैसा कसा उभारावा, हे कोणी शिकविले नव्हते. ही उणीव ओळखून खानखोजे ह्यांनी शेतकरी संघटनांच्या साह्याने ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या. तेथे फी नव्हती. शिकणारे होते ते अनवाणी शेतकरी व त्यांची मुले, आणि शिकविले जाई ते प्रत्यक्ष शेतीच्या उपयोगाचे. मक्याच्या निरनिराळ्या वाणांचा संकर करून त्यांनी प्रयोग केले. दुष्काळास व थंडीच्या कडाक्यास टिकतील अशा जातींचा शोध घेतला. दिएगो रिवेरा ह्या तेथील थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिले, आणि टिना मोदोत्ती ह्या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या शाळांची छायाचित्रे घेतली. २०२२ साली आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

ह्या चरित्रातून आपण घ्यावयाचा बोध पुतळ्यापुरता नाही. खानखोजे परक्या मुलखात गेले, तेथील भाषा शिकले आणि शहरातील पदवीधरांत न रमता शेतकऱ्यांच्या झोपडीपर्यंत पोहोचले. त्यांच्या ज्ञानाचा लाभ मेक्सिकोच्या गावांस झाला; वर्ध्याच्या व परभणीच्या गावांस तो त्या वेळी होऊ शकला नाही. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४९ साली, ते इकडे आले. पुढे नागपुरास स्थायिक झाले व १९६७ साली तेथेच निवर्तले. उमेदीची वर्षे परराज्यसत्तेने त्यांस आपल्यापासून दूर ठेविली. आजच्या विद्यार्थ्यास असा कोणताही अटकाव नाही. तरीही त्याची विद्या गावी आली नाही, तर दोष कोणास द्यावयाचा?

त्याच चापिंगोजवळ, तेश्कोको भागात, १९६६ साली स्थापन झालेले मका व गहू ह्यांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्याच वर्षी मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे भारतात आले व उत्तरेकडील पाण्याखालच्या शेतीचे रूप पालटले. आपल्या कोरडवाहू शिवारास मात्र त्याचा लाभ बेताचाच झाला. म्हणून आपल्याकडून जाणाऱ्याने कोरडवाहू पिके, बियाण्यांची निवड, पाण्याची साठवण व शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था हे विषय घ्यावेत. आपल्या परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील शिक्षणाचा पाया पक्का करूनच पुढे जावे, हे उत्तम.

बोजा चढविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी मुलास तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तेथील शेतकऱ्याची भाषा शिकण्यास तू निघण्याआधीच आरंभ केला आहेस काय? स्पॅनिश आल्यावाचून मेक्सिकोच्या बांधावर कोणी मन मोकळे करणार नाही. दुसरी, तुझ्या अभ्यासक्रमात खेड्यात राहून काम करण्याचे किती महिने आहेत? शहरातील वर्गात बसून ग्रामविकास शिकणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकणे होय. तिसरी, परत आल्यावर पहिल्या हंगामात गावाच्या शिवारात काय करून दाखविशील? ह्या तिन्ही प्रश्नांस सरळ उत्तर मिळाले, तर कर्ज जरूर काढावे. मात्र सारी जमीन तारण देऊ नये, घर चालेल इतके क्षेत्र मोकळे राखावे. उत्तर न मिळाल्यास एक वर्ष थांबावे. थांबल्याने विद्या नासत नाही. गेलेली जमीन मात्र सहसा परत मिळत नाही.

मुलींच्या बाबतीतही हेच तिन्ही प्रश्न लागू आहेत, हे मुद्दाम नमूद करतो. पेरणी, वेचणी व घरची बेगमी ही कामे ज्यांच्या हातांनी होतात, त्यांना ही विद्या अधिक लवकर उमगेल, असा आमचा विश्वास आहे. कर्ज फिटले म्हणजे रकान्यातील बोजा एका फेरफाराने कमी होतो. परंतु ज्या गावाने मुलास वाढविले, त्याचे ऋण कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते ज्याचे त्यानेच ओळखून फेडावयाचे असते.